कर्णपटलाची डागडुजी

आमच्या जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली उभा राहिला. तोफांच्या गावाला कानाच्या पडद्याचे मोल निराळे सांगावयास नको. स्फोटाच्या दाबाने हा पडदा फाटतो; परंतु त्याहून कितीतरी अधिक कान लहानपणी वाहून वाहून अधू होतात. अशा मुलास आपण ‘लक्ष कुठे असते तुझे?’ म्हणून दटावतो, ही गोष्ट वेगळी.

तुटलेले अवयव सांधण्याची विद्या आपल्याकडे जुनी. कानाची पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार सुश्रुताने सांगितले आहेत. इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले, तेव्हा पुण्याकडील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. ती हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापली गेली व १८१४ साली कार्प्यू यांनी तेथे तशीच शस्त्रक्रिया केली. कावसजीचे नाव राहिले. कारागिराचे नाव त्या हकीकतीत नाही!

पण श्रोतेहो, नाक बाहेर असते. पडदा आत, आणि जाडीला मिलिमीटरचा दहावा हिस्सा. १६४० साली बांझर या जर्मन वैद्याने डुकराच्या मूत्राशयाचे पातळ कातडे नळीवर ताणून तो झाकून पाहिला. १८५३ मध्ये टॉयन्बी यांनी रबराची चकती बसविली. ही झाकणेच. १८७८ साली बर्टोल्ड यांनी प्रथम जिवंत कातडी लावली. परंतु कातडी आपला धर्म सोडीना; तिचे पापुद्रे सुटत व कान पुन्हा वाहू लागे.

सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्या वुलश्टाइन व झोल्नर यांनी १९५० नंतर या विद्येला नवे वळण दिले. कानशिलाच्या स्नायूवरील आवरण वापरात आले आणि १९६३ च्या सुमारास सालेन व यानसेन यांनी कूर्चेचे ठिगळ लावले. एवढे जाड ठिगळ कंप पावेल काय, ही शंका रास्तच होती. परंतु कूर्चा थोड्या रक्तावर तगते, आणि नाकाकडील नळी तुंबून आतून ओढ बसली तरी खचत नाही. म्हणून ती कानाच्या भोकापुढील छोट्या उंचवट्यातून काढून सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत तासतात. पहिले काही आठवडे कानात पाणी जाऊ द्यावयाचे नाही, नाक जोराने शिंकरावयाचे नाही. मग श्रवणाची मोजणी होते.