जुनी जीप नव्याने रंगवताय? पोपडे सुटू नयेत म्हणून आधी पत्र्याकडे बघा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर आपल्या भागातल्या गॅरेजसमोर जुन्या जीप उघड्या पत्र्याने उभ्या दिसतात. कुणी मडगार्ड बदललेलं, कुणी रुंद टायर घातलेले, कुणी फायबरचा हार्डटॉप चढवलेला. सोयाबीनचे पैसे हातात आले की आधी हौस आठवते. गाडी चकाचक होऊन घरी येते, पूजा होते आणि पुढच्या पावसाळ्यात चाकाच्या कमानीवर फुगे धरतात. नखाने उचललं की रुपयाएवढा पापुद्रा हातात येतो. मग मालक म्हणतो रंग डुप्लिकेट, पेंटर म्हणतो गाडी नीट वापरली नाही. बहुतेक वेळा दोष दोन्हीकडे नसतो, तो रंगाच्या खाली असतो. पापुद्र्याखाली गंज सुरू झाला की नुसता रंगाचा खर्च नाही, पत्राही जातो.

रंग पत्र्याला धरतो तो दोन प्रकारे. एक म्हणजे घासलेल्या पत्र्याच्या बारीक ओरखड्यांत तो रुततो, दुसरं म्हणजे प्रायमर पत्र्याशी पकड करतो. मध्ये तेल, मेण, गंज, मीठ किंवा ओलावा राहिला, तर रंग त्या थरालाच चिकटतो आणि त्या थरासकट निघतो.

आपल्याकडे यातलं सगळ्यात मोठं कारण डिझेल. गाडी चमकावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवायची सवय ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत सगळीकडे आहे. सर्व्हिसिंगला खालून ऑइलची फवारणी होते ती वेगळीच. ते सांध्यांत, रिबिटांच्या कडेला, बिजागरीत मुरलेलं असतं. त्यात डॅशबोर्ड आणि टायरच्या पॉलिशमधलं सिलिकॉन आलं की गन मारताच रंग ठिकठिकाणी सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी साबणाने धुणं, मग तेल-मेण काढायचं सॉल्व्हंट आणि त्यानंतरच पॉलिश पेपर. उलटं केलं तर पेपर तेच तेल ओरखड्यांत चोळत जातो. पुसताना दोन फडकी लागतात. एकाने सॉल्व्हंट लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकच फडकं फिरवलं तर घाण इकडची तिकडे होते. रॉकेल किंवा डिझेलने 'साफ' करणं म्हणजे तेलावर तेल. धुतलेला भाग स्वच्छ आहे की नाही हे बघायला साधं पाणी ओतावं. पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब-थेंब होऊन तुटलं तर तेल आहेच. बोअरचं जड पाणी मात्र पत्र्यावर वाळू देऊ नका. त्यातले क्षार मागे राहतात आणि रंगाखाली ओलावा ओढून फोड आणतात. शेवटी गोड पाण्याने धुऊन लगेच कोरडं करावं आणि साफ पत्र्याला उघडा हात लावू नये.

हौशीने बदललेल्या गाडीची आणखी एक अडचण म्हणजे एकाच गाडीत चार तऱ्हेचा माल असतो. पेंटर सगळ्याला एकच प्रायमर मारतो आणि घोळ तिथे होतो. नव्या पत्र्यावर गंज लागू नये म्हणून कारखान्यातलं तेल असतं, ते काढावंच लागतं. तळाला जस्ताचा जीआय पत्रा ठोकला असेल तर त्यावर थेट ऑइल पेंट किंवा इनॅमल टिकत नाही, जस्ताशी क्रिया होऊन तो सुटतो. तिथे एपॉक्सी किंवा एच प्रायमर लागतो. फायबरच्या नव्या भागावर साच्यातलं मेण असतं. प्लास्टिकच्या बंपरला वेगळा प्लास्टिक प्रायमर हवा. वेल्डिंगच्या जागची काजळी आणि खपली ग्राइंडरने पूर्ण काढावी.

जुना रंग सगळा खरवडायची गरज नसते. जिथे तो घट्ट आहे तिथे घासून वर रंगवता येतं. पण तो कोणता आहे हे आधी बघा. कापसावर एनसी थिनर घेऊन एका कोपऱ्यात थोडा वेळ दाबून ठेवा. रंग विरघळला किंवा सुरकुतला तर त्यावर थेट दोन घटकांचा पीयू रंग मारणं धोक्याचं, वरच्या थिनरने खालचा थर उचलला जातो. तसा रंग काढून टाकलेला बरा. काही न झालं तर खालचा थर पक्का. घासण्यासाठी उघड्या पत्र्याला ८० ते १८० नंबर, प्रायमरआधी जुन्या रंगाला ३२० च्या आसपास आणि शेवटच्या रंगाआधी ६०० ते ८०० चा वॉटर पेपर असा साधारण हिशोब आहे. चमक राहिलेली जागा म्हणजे न घासलेली जागा. कडा, कोपरे आणि हँडलच्या खाचा मालकाने स्वतः बघाव्यात, कारण पापुद्रे तिथूनच सुरू होतात.

पुट्टी, म्हणजे आपली लांबी, पाणी पिते. ती कोरडीच घासायची. ओल्या पुट्टीवर प्रायमर मारला तर उन्हात फोड ठरलेला. अॅसिडच्या एच प्रायमरवर थेट पुट्टी भरली तरी सुटते. पत्रा, एपॉक्सी, त्यावर पुट्टी, मग वरचा प्रायमर हा क्रम बरा. प्रायमर, हार्डनर, थिनर आणि रंग शक्यतो एकाच कंपनीचे घ्यावेत आणि दोन हातांमधलं अंतर डब्यावर दिलंय तसंच ठेवावं. एपॉक्सीवर पुढचा हात द्यायची मुदत उलटली असेल तर पुन्हा घासल्याशिवाय वरचा थर धरत नाही. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नये, दमट हवेत सकाळपर्यंत गंजाची लाली येते.

गावाकडच्या कॉम्प्रेसरचं पाणी हा वेगळा विषय. टाकीत साचलेलं पाणी रोज खालच्या कॉकने सोडायला हवं आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर हवा. थंडीत पहाटे दव असतं तेव्हा गन उचलू नये. ऊन चढून पत्रा कोरडा झाला की कामाला लागावं. पत्र्याचं तापमान दव पडण्याच्या तापमानापेक्षा किमान ३ अंश जास्त असावं असा नियम आहे. तापलेला पत्राही नको, रंग बसायच्या आधीच सुकतो.

पूर्ण गाडी रंगवायच्या आधी एका आतल्या भागावर सगळे थर मारून नीट सुकू द्या. मग ब्लेडने आडव्या-उभ्या सहा-सहा रेघा पाडून २५ चौकोन करा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर काम तिथेच थांबवा. पेंटर कुरकुर करेल, करू द्या.

मिलिटरीसारखा हिरवा रंग मागणारे बरेच असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. दुसरा रंग घेतला तरी आरसी बुकात नोंद बदलून घ्यावी लागते, ते आधी आरटीओत विचारावं.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून काही अडत नाही. पेंटरला बाहेरून हवा येणारा मास्क हवा आणि पोराबाळांना तिथून लांब ठेवावं.

गाडी घरी आल्यावर पहिला महिनाभर प्रेशरचं पाणी, स्टिकर, पॉलिश आणि डिझेलचा बोळा यातलं काहीच लावू नये. नुसतं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.