कार्यनियोजन आज्ञावलींतील सूचकशब्द व विन्यास

करावयाच्या कामांचा क्रम, मुदत व स्थिती यांची नोंद ठेवणाऱ्या संगणकीय आज्ञावलींना कार्यनियोजन आज्ञावली म्हणतात. कामाची अवस्था दर्शविणारा शब्द तो सूचकशब्द आणि नोंदीतील घटकांची ठरीव मांडणी तो विन्यास होय. सूचकशब्द वापरणाऱ्याने ठरवावेत, की ते आज्ञावलीतच कायमचे निश्चित असावेत, याविषयी मुक्त-स्रोत आज्ञावलींच्या इतिहासात भिन्न मार्ग अवलंबिलेले दिसतात.

आय-कॅलेंडर या विनिमय-मानकाने (१९९८, सुधारित २००९) कामाच्या अवस्थेसाठी चार इंग्रजी संज्ञा निश्चित केल्या. त्यांचे अर्थ कृती अपेक्षित, चालू, पूर्ण व रद्द असे आहेत. पडद्यावर मराठी प्रतिशब्द दाखविता येतात. मूळ नोंदीत मात्र इंग्रजी संज्ञाच राहते व म्हणून ती अन्य आज्ञावलींना वाचता येते. जीना ट्रपानी यांनी २००६ मध्ये प्रचारात आणलेल्या टूडू-टीएक्सटी या पद्धतीतही विन्यास ठरीव असून ओळीच्या आरंभीचे ‘एक्स’ हे अक्षर काम संपल्याचे दर्शविते. याउलट कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये ईमॅक्स या संपादकासाठी रचलेल्या ऑर्ग-मोडमध्ये सूचकशब्द वापरणाऱ्यास ठरविता येतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड मानकात देवनागरीचा समावेश असल्याने असे शब्द मराठीतही योजता येतात.

हा भेद वर्धा जिल्ह्यातील आर्वी परिसराच्या कापूसशेतीवरून स्पष्ट करता येईल. वखरणी, टोबणी, निंदण, डवरणी व वेचणी या तेथील कामांच्या अवस्था ‘चालू’ या एकाच संज्ञेत सामावल्या, तर डवरणी उरकली की राहिली, हे नोंदीवरून कळत नाही. ऑर्ग-मोडमध्ये या प्रत्येक अवस्थेस सूचकशब्दाचे स्थान देता येते. तथापि ‘डवरणी’ हा शब्द ज्याच्या सूचीत नाही, अशा दुसऱ्या संगणकावर तो केवळ शीर्षकाचा भाग मानला जातो. परिणामी ते काम प्रलंबित कामांच्या यादीतून निसटते आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही.

यावर ऑर्ग-मोडने योजलेला उपाय म्हणजे सूचकशब्दांची सूची त्याच धारिकेत एका ठरीव ओळीत लिहिणे. या ओळीतील उभ्या रेघेच्या डावीकडे अपूर्ण, तर उजवीकडे पूर्ण अवस्थांचे शब्द येतात. त्यामुळे शब्द स्थानिक राहूनही त्यांचा अर्थ नोंदीबरोबरच दुसरीकडे जातो. अर्थात ही ओळ वाचण्याची सोय दुसऱ्या आज्ञावलीत असणे आवश्यक असते. शीर्षकाच्या आरंभीची ताराचिन्हे व दिनांकाचे कंस ठरीवच राहतात. महाराष्ट्रातील सात-बारा उताऱ्यातही रकाने ठरलेले असतात व त्यांत भरावयाची पिके गावोगावी वेगळी असतात. शब्दांचे स्वातंत्र्य व नोंदीची सर्वत्र वाचनीयता यांचा मेळ अशा प्रकारे घातला जात असला, तरी सूची लिहिलेली ओळ गाळली गेल्यास तो टिकत नाही.