बेळगावची एक वादसभा

इसवी सन १८९२ च्या ऑक्टोबर महिन्यात बेळगावचे एक प्रतिष्ठित वकील सदाशिवराव भाटे यांच्या घरी कोल्हापूरहून एक बंगाली संन्यासी ओळखीचे पत्र घेऊन उतरला. पुढच्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेमुळे ज्यांचे नाव जगभर झाले ते स्वामी विवेकानंद हेच होत. हा प्रसंग आमच्या भागात भक्तिभावाने पुष्कळदा सांगितला जातो. परंतु त्या बैठकीत जो प्रतिपक्ष उभा राहिला होता त्याचे म्हणणे काय होते, याची विचारपूस क्वचितच होते. उभय पक्षांचे ऐकून घेतल्यावाचून निकाल देऊ नये हा आमच्या धंद्याचा पहिला धडा असल्यामुळे त्या प्रतिपक्षाची बाजू आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

भाट्यांचे चिरंजीव, पुढे प्राध्यापक झालेले जी. एस. भाटे, हे तेव्हा अष्टाध्यायी घोकणारे विद्यार्थी होते. त्यांनी उत्तरवयात लिहिलेल्या आठवणींत एका कार्यकारी अभियंत्याचे चित्र रेखाटले आहे. हे गृहस्थ दाक्षिणात्य. गावातील सर्वांत बहुश्रुत म्हणून त्यांची ख्याती. आचाराने ते कट्टर सनातनी आणि विचाराने तितकेच कट्टर संशयवादी! त्यांचे म्हणणे असे की, धर्माला आधार म्हणून काही असेल तर तो लोकांच्या दीर्घकालीन सवयीचा; समजुती व आचार पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडले आहेत, म्हणून ते चालतात, यापलीकडे त्यांस प्रमाण नाही. स्वामींचे वाचन व अनुभव अधिक, त्यामुळे वादात हे गृहस्थ अडचणीत येत, संतापत, प्रसंगी उद्धटपणाही करीत. भाट्यांनी हरकत घेतली तेव्हा स्वामी हसून म्हणाले की, शिंगरू वठणीवर आणणारा चाबुकस्वार आधी फक्त पाठीवर मांड टाकतो व ती ढळू देत नाही. आपणही तेच करीत आहो.

उत्तर मार्मिक खरे. पण चाबुकस्वारीने वाद जिंकता येतो, मुद्दा निकालात निघतोच असे नाही. आणि मुद्दा सामान्य नव्हता. त्याची वंशावळ पाहू गेल्यास ती एडिंबरोपर्यंत पोहोचते. तेथे १७११ साली जन्मलेल्या डेव्हिड ह्यूमला घरच्यांनी कायद्याच्या अभ्यासाला घातले होते. त्याने तो सोडला आणि तिशी गाठण्यापूर्वीच मानवी स्वभावावरील आपला प्रबंध १७३९-४० मध्ये प्रसिद्ध केला. आमच्या धंद्याचे यात नुकसान झाले की लाभ, हे सांगणे कठीण! मन ही जन्मतः कोरी पाटी, तिच्यावर अनुभव अक्षरे उमटवितो, असे ह्यूमपूर्वी लॉकने सांगितले होते. ह्यूमने पुढचा प्रश्न विचारला. विस्तवाने हात भाजतो हे आपण पाहतो. पण विस्तव आणि भाजणे यांना जोडणारी अटळ गाठ कोणी पाहिली आहे? एकामागून दुसरे घडलेले दिसते, इतकेच. पुढेही तसेच घडेल हा विश्वास बुद्धीने सिद्ध होत नाही, सवयीने जडतो. ईश्वराविषयीचे संवाद त्याने हयातीत छापले नाहीत. ते १७७९ मध्ये, मृत्यूनंतर तीन वर्षांनी बाहेर पडले. १८६९ मध्ये अज्ञेयवादी हा शब्द घडविणाऱ्या हक्स्लेने ह्यूमवर १८७८ मध्ये पुस्तक लिहिले, आणि हक्स्लेच्या मतांचा आधार घेऊन वाद घालणारे लोक भाट्यांच्या दिवाणखान्यात जमले होते.

हे सारे विलायती म्हणून झटकून टाकण्याची सोय आपणांस नाही. धूर तेथे अग्नी या व्याप्तीची खात्री कोण देणार, हा चार्वाकाचा आक्षेप चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिल्याच प्रकरणी नोंदलेला आहे. जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ तर कोणतेच प्रमाण शाबूत ठेवीत नाही. त्याची पोथी १९२६ मध्ये पाटणच्या भांडारात सापडली व १९४० मध्ये बडोद्याहून छापली गेली. त्यामुळे १८९२ च्या वादसभेत तिचा उपयोग कोणालाच झाला नाही.

आमच्या मते अभियंतामहाशयांची चूक संशय घेण्यात नव्हती, तो अर्ध्यावर थांबविण्यात होती. सवयीच्या पायावर उभा म्हणून धर्म त्याज्य, तर विज्ञान तरी कशावर उभे आहे? निपाणीकडचा शेतकरी तंबाखूची रोपे लावतो तेव्हा यंदाची माती गतवर्षीसारखीच वागेल असे तो धरून चालतो. पुलाची कमान बांधणारा अभियंता दगडाविषयी तेच धरून चालतो. ह्यूमला हे पुरते ठाऊक होते. सवयीला तो तुच्छ मानीत नाही. जगण्याचा तोच आधार असे म्हणतो. आमच्या न्यायालयांनी हा धडा कधीच घेतला आहे. १८७२ चा पुराव्याचा कायदा तयार करणाऱ्या स्टीफनने मिल्लच्या तर्कशास्त्राचा आधार घेतला होता, आणि त्यात ‘शाबीत’ याचा अर्थ निरपवाद खात्री असा नाही. शहाण्या माणसाने जिच्यावर विसंबून वागावे इतकी संभाव्यता असली की पुरे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी ही व्याख्या कायम राहिली आहे.

मात्र त्याच कायद्याचा दुसरा दंडक धर्माच्या बाजूला अवघड जातो. तोंडी साक्ष प्रत्यक्ष हवी. ज्याने पाहिले त्यानेच सांगावे. देवळात आपण पालखीला खांदा देतो, कौल लावतो, अमुक देव जागृत असे म्हणतो. यांतले कितीसे ऐकीव नाही? स्वामींनाही हा प्रश्न परका नव्हता. त्यांचे सहाध्यायी व पुढे म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले ब्रजेंद्रनाथ सील यांनी लिहून ठेवले आहे की, तरुण नरेंद्राची ब्राह्मसमाजी श्रद्धा मिल्लच्या निबंधांनी डळमळली आणि ह्यूम व स्पेन्सर यांच्या वाचनाने तो संशयात पडला. याच अवस्थेतला नरेंद्र, आपण ईश्वर पाहिला आहे काय, असे विचारीत हिंडत होता. हा प्रश्न भक्ताचा नव्हे, उलटतपासणी घेणाऱ्याचा आहे. रामकृष्णांनी ‘होय’ म्हटल्यावरही त्याने त्यांची परीक्षा पाहणे सोडले नाही. पुढे ‘राजयोगा’तही त्यांनी आरंभ केला तो सर्व ज्ञान अनुभवावर आधारलेले आहे या प्रतिज्ञेने. म्हणजे बेळगावात अनुभववाद्यापुढे उभा होता तोही एक अनुभववादीच. तंटा होता तो अनुभव कोणता धरावा, एवढ्यापुरता.

तेथे आम्हांस अभियंत्याची बाजू अजूनही जिवंत दिसते. पाण्याचा ओघ कोणासही मोजता येतो. समाधीचा साक्षी एकटाच. ती साधना करून पाहा, हे स्वामींचे उत्तर प्रामाणिक आहे, पण जो करून पाहील त्याच्यापुरतेच ते पुराव्यात दाखल होते. बाकीच्यांच्या वाट्याला साक्षीदाराची पत जोखणे उरते. हरिपद मित्र यांनी नेमके तेच केले. वनखात्याचे हे बंगाली अधिकारी संन्याशांना ढोंगी समजत आणि ईश्वराविषयी उदासीन होते. स्वामी काहीतरी मागायला आले असावेत, असाच त्यांचा पहिला तर्क. स्वामींना त्यांनी आपल्या बंगल्यावर नेले, दिवसेंदिवस प्रश्न विचारले आणि अखेर पत्नीसह दीक्षा घेतली. त्यांनी मागे ठेवलेल्या आठवणींत चमत्कार फारसा नाही. ‘पिक्विक पेपर्स’ची पानेच्या पाने स्वामींनी तोंडपाठ म्हटल्याचे आश्चर्य मात्र आहे, आणि आजवर उमजत नव्हती ती गीता उमजू लागल्याचा आनंद आहे. किल्ल्यातील त्या बंगल्याच्या जागी आज रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे.

महिना संपता संपता स्वामी गोव्यास निघाले. मडगावी सुब्राय नायक यांच्याकडे ते उतरले आणि तेथून राशोलच्या सेमिनरीत जाऊन ख्रिस्ती धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळू लागले. प्रतिपक्षाची कागदपत्रे त्याच्याच दप्तरात बसून पाहण्याची ही त्यांची तऱ्हा बेळगावच्या वकीलमंडळींस खासच आवडली असती.