अतरंगी मोबाईल डिझाईन्स: कोणती कल्पना टिकते, कोणती फसते?

कॉलेजात असताना माझ्या वहीच्या मागच्या पानांवर नोट्स कमी आणि मोबाईलची चित्रं जास्त असायची. बटणंच नसलेला फोन, व्हिडिओ गेमसारखा फोन, तुकडे जोडून बनवायचा फोन. हसू नका, या सगळ्या कल्पना मोठ्या कंपन्यांनी खरंच करून बघितल्या आहेत. चला तर मग, त्यांचं पुढे काय झालं ते पाहूया.

१. आकडेच नसलेला फोन

२००४ मध्ये नोकियाने ७२८० हा लिपस्टिकसारखा लांबट फोन आणला. स्क्रीन बंद झाली की तिचा आरसा व्हायचा! पण आकड्यांची बटणं नव्हती. नंबर लावायचा तर छोटं चाक फिरवून एकेक आकडा निवडायचा. दिसायला एकदम भारी, पण घाईत दहा आकडे लावून बघा म्हणजे कळेल.

२. गेमचा फोन

२००३ चा नोकिया एन-गेज म्हणजे फोन आणि गेमिंग मशीन एकत्र. कल्पना झकास होती. पण गेमचं कार्ड बॅटरीखाली बसायचं, म्हणजे गेम बदलायचा तर बॅटरी काढा. आणि बोलताना फोनची कड कानाला लावायची, जणू करंजीच धरलीय! पुढच्याच वर्षी आलेल्या एन-गेज क्यूडीमध्ये या दोन्ही चुका सुधाराव्या लागल्या.

३. तुकड्यांचा फोन

कॅमेरा खराब झाला तर फक्त कॅमेरा बदला, बॅटरी दमली तर फक्त बॅटरी. डच डिझायनर डेव्ह हाकेन्सने २०१३ मध्ये 'फोनब्लॉक्स' नावाने ही कल्पना मांडली. गुगलचा 'प्रोजेक्ट आरा'ही याच वाटेवर होता, पण २०१६ मध्ये तो बंद झाला. अडचण साधी आहे: प्रत्येक तुकड्याला वेगळं कव्हर आणि वेगळा कनेक्टर लागतो, त्यामुळे फोन जाड आणि जड होतो. फेअरफोनने मात्र हीच कल्पना थोडी आवरती घेतली. स्क्रीन, बॅटरी असे नेहमी बिघडणारे भाग घरच्या घरी बदलता येतील, एवढंच केलं. आणि ते टिकलं.

४. टॉर्चचा फोन

फोनच्या डोक्यावर बॅटरीचा दिवा ही कल्पनाही कुणाला खुळचट वाटली असती. पण २००३ च्या नोकिया ११०० मध्ये ती आली, सोबत धूळ आत जाऊ न देणारा कीपॅडही. लोडशेडिंगच्या दिवसांत आपल्याकडे हा फोन घरोघरी दिसायचा. जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेला!

मग घेताना काय बघायचं?

हे मी पैसे घालवून शिकलोय. हौसेने एक सेकंड हँड स्लायडर फोन घेतला होता. दिवसभर उगाच वर-खाली सरकवत बसायचो. काही महिन्यांत स्क्रीन पांढरी पडली. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "स्ट्रिप गेली बाळा, आणि या मॉडेलची आता मिळत नाही." स्ट्रिप म्हणजे स्क्रीन आणि बोर्ड जोडणारी पातळ पट्टी. फोन सरकवताना दर वेळी ती वाकते आणि शेवटी तुटते.

म्हणून आज फोल्डिंग किंवा कुठलाही वेगळा फोन घेण्याआधी तीन प्रश्न विचारा:

- यात हलणारे, वाकणारे भाग किती आहेत?
- ते बिघडले तर आपल्या गावात मिळतील का, आणि कितीला?
- या डिझाईनमुळे रोजचं काम सोपं होतंय की अवघड?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'सोपं' आलं, तर कल्पना कितीही अतरंगी असो, तिच्यात दम आहे. आणि हो, तुमच्याही वहीच्या मागच्या पानावर असा एखादा फोन असेल तर ते पान फाडू नका. फक्त त्या चित्राला हेच तीन प्रश्न विचारून बघा!