चीनचे मूळ आणि नंदुरबारचे वैद्य

मुहम्मद बिन तुघलकाचा दूत म्हणून इब्न बतूता १३४२ साली दिल्लीहून चीनकडे निघाला. दौलताबादहून खंबायतला जाताना वाटेत त्याला नंदुरबार लागले. इथले मराठे कारागिरीत निष्णात आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, असे त्याने नोंदवले. आजच्या नंदुरबार जिल्ह्याला वैद्यकाचा इतका जुना दाखला आहे आणि तो एका मोरोक्कन मुसलमानाने लिहून ठेवला आहे.

पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर एक नवा रोग हिंदुस्थानात पसरला. लोकांनी त्याला नावच दिले ‘फिरंग’, म्हणजे उपदंश. त्यावरचे औषधही समुद्रमार्गेच आले. ते होते चीनमधल्या एका काटेरी वेलीचे गाठाळ मूळ. फारसीत ते ‘चोब-ए-चीनी’ म्हणजे चिनी लाकूड झाले आणि आपल्याकडे चोपचिनी.

या मुळाने सगळ्यांनाच कामाला लावले. इराणात इमादुद्दीन शिराझी या हकिमाने त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. युरोपात शरीरशास्त्रज्ञ वेसालियसने १५४६ मध्ये त्याच्या काढ्यावर लेखन केले. अहमदनगरच्या बुरहान निजामशाहाकडे जाणे-येणे असलेल्या गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याची चर्चा केली. भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या संस्कृत ग्रंथात ते ‘द्वीपांतर वचा’ म्हणून आले. द्वीपांतर वचा म्हणजे परदेशी वेखंड. परकेपण नावातच ठेवून आयुर्वेदाने ते आपलेसे केले.

खरे तर उपदंश त्याने बरा होत नव्हता. तो इलाज विसाव्या शतकात पेनिसिलिनने दिला. पण चोपचिनी आयुर्वेद आणि युनानी दोन्हींच्या औषधांत टिकून राहिली.

सुरत-बुऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी मार्गावरच्या याच नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्याला, आज युनानी वैद्यकाचे महाविद्यालय आहे. युनानीला ‘बाहेरची’ म्हणून हिणवणारे आजही भेटतात. त्यांना एवढेच विचारावे, चोपचिनी कोणाची? मूळ चीनचे, नाव फारसी, आणणारे दर्यावर्दी, संस्कृतात नोंदवणारे भावमिश्र. औषधाला घराणे विचारत बसलो असतो, तर आपल्या वैद्यांचे आणि हकिमांचे निम्मे बटवे रिकामे राहिले असते.