वसईचा तह व शिरूरची तैनाती फौज

मराठी राज्यातील यादवीत ईस्ट इंडिया कंपनीने लष्करी हस्तक्षेप केल्याचे ठळक प्रकरण. एप्रिल 1801 मध्ये पेशवा दुसरा बाजीराव याने विठोजी होळकरास पुण्यात क्रूरपणे ठार करविले. त्यामुळे विठोजीचा भाऊ यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आला. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा त्याने पराभव केला. बाजीराव वसईस पळाला आणि 31 डिसेंबरला त्याने कंपनीशी तह केला. तहानुसार पेशव्याने कंपनीच्या किमान 6,000 पायदळाची तैनाती फौज आपल्या राज्यात ठेवून तिच्या खर्चासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा होता. घरचे भांडण परक्याच्या बळावर मिटवण्याची ही किंमत होती. मे 1803 मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या आधाराने बाजीराव पुण्यास परतला.

शिंदे व नागपूरकर भोसले यांनी तह मानला नाही; त्यातून दुसरे इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले. वाद इंग्लंडातही पेटला. कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष कॅसलरे याने या तहाने कंपनी मराठ्यांच्या अंतर्गत कलहात कायमची गुंतेल, असा आक्षेप घेतला. वेलस्लीने त्याला सविस्तर उत्तर दिले. 1805 मध्ये फिलिप फ्रान्सिसने पार्लमेंटात या युद्धावर टीका केली. आक्षेप मुख्यतः खर्चाचा व धोरणाचा होता, रयतेच्या हालांचा क्वचितच.

पुढे घोडनदीकाठी शिरूर येथे कंपनीच्या या तैनाती फौजेची छावणी उभी राहिली. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण याच छावणीतून निघाली व दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढली.