गोंदियाच्या डोंगरवाटा: तीन दिवसांच्या मोटारसहलीची आखणी

लागून सुट्या आल्या की नागपूरकरांची मोटार बहुधा पचमढी नाहीतर चिखलदऱ्याचा रस्ता धरते. पूर्वेकडे निघणारे त्या मानाने थोडे. वास्तविक १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात वन, तलाव, गुंफा आणि धबधबा हे सारे तीन दिवसांच्या टप्प्यात बसते. येथील डोंगर सह्याद्रीसारखे उत्तुंग नाहीत. साग-बांबूच्या रानात दडलेल्या त्या बुटक्या टेकड्या आहेत. मात्र या सहलीचे वेळापत्रक प्रवाशाच्या सोयीने ठरत नाही. ते जंगलाच्या फाटकांच्या वेळा आणि सूर्यास्त पाहूनच आखावे लागते.

पहिला प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाची फाटके पर्यटकांसाठी बंद असतात आणि नेमका त्याच काळात हाजरा धबधबा भरात असतो. नवेगावच्या जलाशयावर स्थलांतरित पक्षी जमतात ते हिवाळ्यात. तर पाणवठ्यावर वन्यप्राणी दिसण्याची शक्यता अधिक ती एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात. तेव्हा एकाच फेरीत सारे पदरात पडणार नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. त्यातल्या त्यात तडजोड करायची तर ऑक्टोबर निवडावा. फाटके उघडलेली असतात, धबधब्याला बऱ्यापैकी पाणी असते आणि रस्त्याच्या दुतर्फा धान उभे असते. दिवाळीनंतर जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात आणि गावातून जाणारा रस्ता तासभर तुंबू शकतो. वेळ असेल तर तुंबलेल्या गाडीतून उतरून मंडईत शिरावे, हेही सहलीतच धरावे!

नागपूरहून भंडारा, साकोलीमार्गे राष्ट्रीय महामार्गाने (जुना क्रमांक ६, आताचा ५३) सुमारे १२० किलोमीटरवर कोहमारा हा चौक येतो. येथून उत्तरेला गोरेगाव-गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध-अर्जुनी मोरगाव आणि पूर्वेला देवरी असे रस्ते फुटतात. पहिल्या दिवशी त्याअलीकडेच, साकोलीहून नागझिऱ्याकडे वळावे. पिटेझरीचे फाटक या बाजूने सोयीचे. गोंदिया-तिरोड्याकडून येणाऱ्यांना चोरखमारा जवळ पडते. प्रवेशाची नोंदणी वनविभागाकडे आगाऊ करावी, आठवडी सुट्टीचा वार विचारून घ्यावा आणि मार्गदर्शकाशिवाय आत जाण्याचा विचार सोडून द्यावा. अभयारण्याचा दर्जा १९७० मध्ये मिळालेले नागझिरा आणि १९७५ चे नवेगाव राष्ट्रीय उद्यान, शेजारच्या वनक्षेत्रांसह, डिसेंबर २०१३ मध्ये एकाच व्याघ्र प्रकल्पात आले.

कागदावर प्रकल्प एक असला, तरी नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून हाच महामार्ग जातो. साकोली ते देवरी या पट्ट्यात, विशेषतः देवरीअलीकडच्या मासुलकसा घाटात, वन्यप्राणी रस्ता ओलांडतात. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ हा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यापर्यंत चालत गेला; २०१६ पासून तो बेपत्ता आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातील दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. अशा वाघांना एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायला हाच पट्टा आहे. म्हणून येथील प्रवास उजेडी करावा आणि वेग आवरता ठेवावा. रुंद, गुळगुळीत रस्ता पाहून पाय आपोआप दाबला जातो, हीच खरी अडचण आहे. पहिल्या दिवशी चार-साडेचारला नागझिऱ्यातून बाहेर पडल्यास नवेगावबांधचा मुक्काम अंधारापूर्वी गाठता येतो. दुपारची जंगलफेरी हवी असेल, तर मुक्काम साकोलीलाच करावा.

दुसरा दिवस नवेगावचा. टेकड्यांच्या मधोमध पसरलेला हा जलाशय नैसर्गिक वाटतो, पण तो बांधलेला आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याचे सांगतात. लोकांनी त्यांना देवत्व दिले आणि भोवतालच्या शिखरांना ‘सातबहिणी’ म्हटले. तलाव बांधणे ही कोहळी समाजाची परंपरागत विद्या. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात ते या मालगुजारी तलावांमुळेच. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली (निधन २०२५) यांनी वनाधिकारी म्हणून येथे काढलेले दिवस त्यांच्या लेखनातून मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेत. पहाटे तलावाकाठी फिरून दुपारी गाढवी नदीवरील इटियाडोह धरण आणि प्रतापगड करावे. प्रतापगडावर महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते, तेथेच दर्गाही आहे. त्या दिवसांत मोटार घेऊन जाणे टाळावे. जवळच तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे नव्हे, चांगले उजाडल्यावर निघून देवरी, आमगावमार्गे सालेकसा गाठावे. धनेगावजवळची कचारगड गुंफा गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. गुंफेत कोंडलेल्या मुलांची लिंगोने सुटका केली, अशी परंपरागत कथा आहे. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून भाविक येथे येतात. चढण फार नाही, पण पायात बूट हवेत आणि पाणी सोबत घ्यावे. पुढे दरेकसा रेल्वे स्थानकाजवळ हाजरा धबधबा आहे. शेवाळलेल्या खडकांवर उतरण्याचे धाडस करू नये. हा भाग दीर्घकाळ नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. स्थानिकांकडे चौकशी करून दिवसाउजेडी फिरावे, डिझेल-पेट्रोल देवरी किंवा आमगावलाच भरून घ्यावे आणि मोबाईलच्या भरवशावर राहू नये.

आमगाव ते गोंदिया रस्त्यावर धानाच्या बांध्यांकडे लक्ष ठेवावे. राज्यात सारस पक्षी प्रामुख्याने याच जिल्ह्यात उरला आहे. जोडी दिसलीच, तर गाडीतूनच पाहावी, बांधीत उतरू नये. गोंदियाहून तिरोडा, तुमसर, भंडारामार्गे नागपूरला परतता येते. मुंबईकरांना विदर्भ एक्स्प्रेस, तर पुणे-कोल्हापूरकरांना महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट गोंदियाला आणते. त्यांनी तेथून भाड्याची गाडी करावी आणि हाच मार्ग उलट्या क्रमाने, सालेकशापासून सुरू करावा.